उभ्या जागी धावणाऱ्या मावशी

गिरणीवाल्या मावशींना आजी म्हटलेलं खपत नसे. नात म्हणे, तेवढं पुरे. बाकी दळणाचा डबा घेऊन येणाऱ्या पोरासोरांपासून काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशी. त्यांचे केस पिकलेत की पिठाने पांढरे झालेत, हे त्यांच्या सुनेलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

गिरणी खाली, घर वर आणि मधे एक अरुंद जिना. लग्न होऊन आल्या तेव्हा मावशींना पिठाबद्दल एवढीच माहिती होती की ते डब्यात असतं. खरं म्हणजे गिरणी नवऱ्याकडे जायची होती, पण नवऱ्याला पीठ नाकाशी गेलं की शिंका सुरू व्हायच्या त्या संध्याकाळपर्यंत थांबायच्या नाहीत. त्याने कचेरीतली नोकरी धरली आणि सासऱ्यांनी सुनेला हाताशी घेतलं. लोक म्हणाले, बाईच्या जातीला दगड टाकवता, छिन्नीने त्यांच्या खाचा उकरता येतील का? सासरे म्हणाले, दगडाला कुठे माहीत आहे, छिन्नी कोणाच्या हातात आहे ते. तेव्हापासून मावशी गिरणीत होत्या. नवरा गेला, सासरे गेले, मुलाचं लग्न झालं. मावशी तिथेच.

सासऱ्यांनी त्यांना एक गोष्ट अशी शिकवली होती की ती कुठल्या कागदावर लिहिलेली नाही. गिरणीच्या दगडांना पेलणारी एक लाकडी चौकट असते. तिच्या खांबाला डावा खांदा टेकवून उभं राहायचं. उजवा हात दगडांतलं अंतर कमीजास्त करणाऱ्या मुठीवर. "गिरणीत कानाचं काम नाही, पोरी," सासरे म्हणत. "कान आज ना उद्या बहिरेच व्हायचे. खांद्याला विचार." दगड नीट दळत असले की खांबाची थरथर एकसारखी येते. दाणा जाड राहू लागला की ती थरथर खडबडीत होते. दगड फार जवळ आले, पीठ तापायला लागलं, तर ती बारीक, चिडल्यासारखी होते. मावशींचा खांदा हे सगळं इतकं पक्कं शिकला होता की पीठ चिमटीत धरून बघायची त्यांना गरजच पडत नसे. खांबावर खांद्याच्या उंचीला एक खळगा पडला होता, गुळगुळीत, तेल लावल्यासारखा काळा. अर्धा सासऱ्यांनी पाडलेला, अर्धा मावशींनी.

अशा या मावशी एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना दोरीखालीच आडव्या झाल्या. सुनेने पाणी मारलं, शुद्धीवर आल्या, म्हणाल्या, "चिमटे कुठे पडले बघ." पण मुलगा चिमट्यांवर भागवणारा नव्हता. त्याने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं आणि तिथे कळलं, की हृदयाचे ठोके फारच मंद पडतात, मधेच थबकतात, आणि जिना चढताना जे वाढायला हवेत ते वाढतच नाहीत. डॉक्टरांनी डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, लहान बिस्किटाएवढी एक डबी बसवली. तिच्यातून एक तार हृदयात. ठोका चुकला की डबी तो देणार. शिवाय शरीर हललं, चाललं, चढलं, की तेही तिला कळणार आणि ती ठोके त्या हिशेबाने वाढवणार.

"आणि जे जे होईल ते ती आत साठवून ठेवते," डॉक्टर म्हणाले. "तपासणीला आलात की आम्ही वाचतो."

मावशींना ही शेवटची गोष्ट अजिबात आवडली नाही. आपल्याच छातीत बसून आपलीच नोंद ठेवणारं कोणी असावं, हे कोणाला आवडेल? त्यात दवाखान्याने पलंगाशेजारी ठेवायला आणखी एक पेटी दिली. छातीतली डबी त्या पेटीला सांगणार, पेटी दवाखान्याला सांगणार. मावशींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव चुगलखोर ठेवलं आणि तिच्यावर नातीची जुनी लोकरीची टोपी घातली.

आता मुलाबद्दल सांगायला हवं, कारण पेच तिथे होता. मुलगा वाईट नव्हता. तो लिफ्ट तपासायचं काम करत असे. शहरभरच्या इमारतींत फिरायचं, लिफ्ट वरखाली करून बघायची, आणि शंका आली की दाराला कुलूप ठोकून पाटी लावायची. या कामाने माणसाला एक खोड लागते. जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे तो कुलूप हातात घेऊनच बघू लागतो. आईला दवाखान्यातून आणल्यावर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे गिरणीच्या मोटरभोवती लोखंडी कठडा. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, चालू मोटरीपासून हातभर लांब राहा. कठडा दोन हातांवर बसवला. पोती उचलणं बंद, गिऱ्हाइकांनी आपलं दळण आपण ओतायचं. हे सगळं मावशींनी ऐकलं. कठड्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

"आणि एक," तो म्हणाला होता. "पुढच्या तपासणीत काही वाकडं निघालं, तर गिरणी बंद. मला शब्द दे."

"वाकडं म्हणजे?"

"ते दवाखाना सांगेल. तू शब्द दे."

मावशींनी दिला. त्या वेळी त्यांना ताजी हवा आणि आपला खांब एवढंच हवं होतं, त्यासाठी काहीही कबूल करायची त्यांची तयारी होती. पण काही आठवड्यांनी एक चष्मेवाला जागा बघायला आला. त्याला कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान टाकायचं होतं. त्याने मोजपट्टी काढून चौकटीपासून शटरपर्यंत जागा मोजली आणि विचारलं, "हे सगळं लाकूड निघेल ना?" मावशी त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की त्याने मोजपट्टी खिशात घालायच्या आधीच पाय मागे घेतला. त्याला पाठवलं कोणी ते त्यांना विचारावं लागलं नाही.

आणि नेमकी त्याच सुमाराला, जखम भरून मावशी पुन्हा गिरणी चालवू लागल्या तशी, धडधड सुरू झाली.

सकाळी शटर उघडावं, गव्हाची गिरणी सुरू करावी, खांबाला टेकावं, की थोड्या वेळात छातीत कोणी पळायला लागल्यासारखं. दुखत नसे, चक्कर येत नसे. नुसतं धड धड धड, बस पकडायला धावल्यासारखं, आणि बस तर कुठेच नाही. दुपारी शटर ओढलं की ते शांत होई, पण तोवर अंगातलं सगळं पाणी उपसल्यासारखं वाटे. संध्याकाळी जिना चढताना मावशी मधल्या पायरीवर बसत आणि सुनेचा आवाज आला की चपलेतला खडा काढायचं सोंग करत.

"आजकाल जिन्यात फार खडे झालेत," सून एकदा म्हणाली.

"झाडत नाही कोणी," मावशी म्हणाल्या.

तपासणीचा दिवस जवळ आला तशी त्यांनी एक शक्कल काढली. डबी सगळं साठवून ठेवते ना? मग तिला साठवायला काहीतरी गोड देऊ. तपासणीआधीचे काही दिवस गिरणी बंद ठेवायची, आराम करायचा, आणि डबीच्या पोटात सगळं कसं छान, संथ भरून न्यायचं. त्यांनी शटरवर पाटी लावली: दगड टाकवायचे आहेत, गिरणी बंद.

समोरच्या घरात एक निवृत्त मास्तरीणबाई राहत. मावशींच्या वयाच्या, मावशींइतक्याच फटकळ तोंडाच्या. त्या डबा घेऊन आल्या, पाटी वाचली, आणि जिन्यातून हाक मारली.

"दगड मागच्याच महिन्यात टाकवलेत ना? तेव्हा मला चार दिवस दाताखाली कचकच लागली होती."

"पुन्हा टाकवायचेत."

"तपासणी कधी आहे?"

मावशींनी हातातलं फडकं झटकलं.

"वर्षभर उनाडायचं आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुस्तक उघडायचं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "अशी पोरं मी जन्मभर बघितली. पेपर तपासणाऱ्याला कळतं हो."

"तुम्ही दुसरी गिरणी बघा तोवर."

"बघते. पण तिथलं पीठ मला आवडत नाही, म्हणून सांगितलं."

तर मावशींनी आराम केला. त्यांचा आराम असा होता: पहिल्या दिवशी सगळ्या खिडक्यांच्या काचा पुसल्या. दुसऱ्या दिवशी घोंगड्या, रजया, उशा एकेक करून गच्चीवर नेल्या, झोडपल्या, उन्हात घातल्या, संध्याकाळी परत खाली आणल्या. मग माळ्यावरची भांडी काढून घासली. नात शाळेतून आली की तिच्याबरोबर खालच्या चौकापर्यंत जाऊन आल्या. याला त्या आरामच समजत होत्या. बाईने घरात केलेलं काम हेही काम असतं, असं त्यांना उभ्या आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी सांगितलं असतं तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. गंमत अशी की त्या दिवसांत धडधड झालीच नाही. मावशी खूश झाल्या. डबी फसली.

तपासणीची खोली लहान होती. एक खाट, एक खुर्ची, चाकांच्या टेबलावर पडदा असलेलं एक यंत्र, आणि ते चालवणारी एक पोरगी. तिच्या टेबलावर अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा होता आणि डोळ्यांखाली झोप न झाल्याच्या खुणा. तिने मावशींच्या हातापायांना तारा चिकटवल्या आणि डबीवर एक गोल चकती ठेवली.

"आजी, आरामात पडून राहा."

"मावशी म्हण."

"बरं, मावशी. पलंगाशेजारची पेटी चालू आहे ना घरी?"

"तिला टोपी घातली आहे," मुलगा म्हणाला. तो खुर्चीत न बसता हाताची घडी घालून उभा होता. "लोकरीची."

पोरगी हसली नाही, पण ओठ दाबले. "टोपीने तिला थंडी वाजत नाही, एवढंच. बाकी सगळं पोचतं आम्हाला."

मावशींनी छताकडे बघितलं.

पडद्यावर आकडे आले. पोरगी एकेक सांगत गेली. बॅटरी उत्तम. तार जागच्या जागी. हृदयाने स्वतः भलतीसलती उडी मारली असं एकदाही नाही. मोटरीचा त्रास तारेला पोचला आहे का, तेही बघितलं, नाही पोचलेला. मुलाने मान डोलावली, कठड्याचं सार्थक झालं. मग पोरगीने आणखी एक पान उघडलं आणि तिचा हात थांबला.

"मावशी, तुम्ही पळायला जाता?"

"मी?"

"सकाळी. रोज. बराच वेळ."

"मी बसस्टॉपपर्यंतसुद्धा पळत नाही."

मुलगा पुढे झाला. पडद्यावर दिवसभराच्या ठोक्यांची रेघ होती. सकाळी ती एकदम उंच चढत होती, दुपारपर्यंत तशीच उंच, आणि मग एकदम खाली. असे कितीतरी दिवस. आणि शेवटचे काही दिवस मात्र खालीच, अधूनमधून छोटे उंचवटे.

"हे शेवटचे दिवस कसे काय वेगळे?" पोरगीने विचारलं.

"गिरणी बंद होती," मुलगा म्हणाला. पाटी लागल्याचं त्यालाही माहीत होतं. दगड टाकवल्याचा आवाज मात्र त्याने ऐकला नव्हता. तो आईकडे वळला. "म्हणजे गिरणी चालू तेव्हा हृदय पळतं, बंद तेव्हा शांत. आणखी काय पाहिजे? आणि तू मला काही बोलली नाहीस."

मावशींना तेव्हा कळलं, आपण काय करून बसलो ते. त्यांनी डबीला गोड खाऊ घालून फसवलं नव्हतं. गिरणीचे दिवस एकीकडे आणि बिनगिरणीचे एकीकडे, असे निवडून पाखडून त्यांनी मुलाच्या हातात दिले होते. सूपच धरलं होतं त्याच्यापुढे. चष्मेवाल्याची मोजपट्टी त्यांना डोळ्यांसमोर दिसली.

"धडधडत होतं का?" मुलाने विचारलं.

"होतं थोडं."

"आई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता."

"मग झालं. आजपासून बंद."

"एक मिनिट थांबा दोघं," पोरगी म्हणाली. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती, पडद्याकडे बघत होती. "मावशी, या शेवटच्या दिवसांत तुम्ही झोपून होतात?"

"आराम केला."

"म्हणजे काय केलं?"

मावशींनी सांगितलं. काचा, रजया, गच्ची, माळा. सांगताना त्यांना जरा लाज वाटली, आळशीपणाचा पाढा वाचल्यासारखी. पोरगी ऐकता ऐकता पडद्यावर बोट फिरवत होती.

"ओल्या रजया घेऊन गच्चीवर गेलात?"

"ओल्या नव्हत्या. जड होत्या."

"किती वेळा?"

"रजया होत्या तितक्या वेळा."

"हे बघा." तिने यंत्र वळवलं. "या टेकड्या म्हणजे तुमचा जिना. चढलात, ठोके वाढले, टेकलात, उतरले. अगदी जसं व्हायला हवं तसं. आता गिरणीतले दिवस बघा. टेकडी नाही, पठार आहे. सुरू झालं की थेट वर, आणि तासन्‌तास एकाच उंचीला. माणूस असा कधी धावत नाही. माणूस दमतो, थांबतो, पाणी पितो. गिरणीत तुम्ही काय उचलता?"

"काही नाही. हा उचलू देत नाही. मी नुसती उभी असते."

"आणि आणखी एक." तिने रेघेच्या दोन रंगांवर बोट ठेवलं. "या रंगाचे ठोके तुमच्या हृदयाने स्वतः मारलेले. या रंगाचे डबीने दिलेले. पठारावर बघा, सगळे डबीचे. तुमचं हृदय पळत नाहीये, मावशी. ही डबी त्याला पळवते आहे."

"उगाच?" मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात आता वेगळंच काही होतं. बिघडलेल्या लिफ्टमध्ये शिरताना असतं तसं. "म्हणजे डबी बिघडली आहे?"

"नाही. डबीला वाटतं आहे की या धावताहेत. तिला डोळे नाहीत. शरीर हललं की तिला कळतं, एवढंच." ती क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, "मावशी, अजिबात हलू नका हं." आणि दोन बोटांनी तिने डबीवरच्या कातडीवर हलकी टकटक सुरू केली. दारावर वाजवावं तशी, पण भरभर.

पडद्यावर ठोक्यांचा आकडा होता, तो हळूहळू वर सरकू लागला. मावशी खाटेवर ओंडक्यासारख्या पडून होत्या आणि आकडा चढत होता. छातीत कोणी पळायला लागलं.

"हीच," मावशी म्हणाल्या. "हीच ती धडधड."

पोरगीने बोटं उचलली. आकडा उतरू लागला.

"मग आता सांगा," ती म्हणाली, "गिरणीत सकाळभर तुमच्या डाव्या खांद्यावर अशी टकटक कोण करतं?"

मावशी छताकडे बघत होत्या. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट हललं, आणि मग त्या इतक्या जोरात हसायला लागल्या की एक तार निघून आली.

"खांब," त्या म्हणाल्या. "मेला खांब."

मुलाला काही कळेना. तो लहानपणापासून त्या गिरणीच्या डोक्यावर राहत होता, पण खांब त्याने नुसता बघितला होता. मावशींनी त्याला सांगितलं. खांदा, थरथर, सासऱ्यांचं बोलणं, मुठीवरचा उजवा हात. सांगता सांगता डाव्या गळपट्टीवर हात ठेवला आणि त्यांना स्वतःलाच नव्याने कळलं, की डॉक्टरांनी डबी जिथे बसवली आहे, बरोब्बर तीच जागा त्या रोज सकाळी नेऊन खांबाला चिकटवत होत्या. सगळं घर मोटरीवर डोळे लावून बसलं होतं. खांबाला कठडा घालावा, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्यासुद्धा.

"तरीपण," मुलगा म्हणाला. कुलूप अजून हातातून सुटलं नव्हतं. "गिरणीमुळेच झालं ना शेवटी."

मावशी उठून बसल्या. "मला एक सांग. एखादी लिफ्ट थरथरायला लागली, तर तू इमारत पाडतोस?"

"नाही."

"काय करतोस?"

मुलाने हाताची घडी सोडली. पोरगीने बिस्किटाचा पुडा त्याच्यापुढे केला. "बसा आता," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना बोलावते."

डॉक्टर आले, पान बघितलं, पोरगीचं ऐकलं, पुन्हा एकदा टकटक करून बघितलं. ते मोजकं बोलणारे होते. डबीचं हलण्याकडे जे लक्ष असतं ते थोडं कमी करायला त्यांनी सांगितलं, म्हणजे जिना तिला कळेल पण बारीक थरथर ती मनावर घेणार नाही. पोरगीने बटणं दाबली. छातीत हात न घालता छातीतली गोष्ट बदलली, याचं मावशींना मोठं नवल वाटलं.

"गिरणी?" मुलाने विचारलं.

"गिरणीचं काय?" डॉक्टर म्हणाले. "चालवू द्या. मोटरीपासून लांब राहताहेत तशाच राहू द्या. आणि खांबाला मिठी नको. हात लावा, अंग नको."

घरी येताना वळणावर मुलगा म्हणाला, "चष्मेवाल्याला मी सांगतो."

"काय सांगतोस?"

"जागा नाही म्हणून."

"सांग," मावशी म्हणाल्या. "आणि त्या खडूस माणसाला म्हणावं, लाकूड निघत नाही."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण तसं होत नाही. पाटी काढली, शटर उघडलं, आणि मावशींना खांदा काढून कुठे ठेवावा ते कळेना. सवय एवढी की शरीर आपण होऊन खांबाकडे कलायचं. त्यांनी खळग्यावर एक खिळा मारला, टोचावा म्हणून. मग तळहात टेकवून बघितला. तळहाताला थरथर कळत होती, पण तिचा अर्थ लागत नव्हता. ओळखीचा माणूस परक्या भाषेत बोलावा तसं. धडधड थांबली होती, संध्याकाळी जिना एका दमात चढत होत्या, पण पीठ बिघडलं. बेकरीवाल्याला हवं त्याहून बारीक गेलं, मास्तरीणबाईंना जाड गेलं.

"हे पीठ आहे की वाळू?" मास्तरीणबाई डबा घेऊन परत आल्या.

"शिकते आहे," मावशी म्हणाल्या.

"या वयात?"

"तुम्ही नाही का परवा मोबाईलवर फोटो पाठवायला शिकलात? सगळे तिरके."

मास्तरीणबाईंनी डबा तिथेच ठेवला. "पुन्हा दळा. मी बसते."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मुलगा खाली आला. आधी त्याने आईचं मनगट धरलं आणि गिरणी चालू असताना नाडी बघितली. संथ होती. मग त्याने खिळा बघितला, तो उपसून काढला, आणि कोणी सांगितलं नसताना आपला खांदा त्या खळग्यात टेकवला. मावशी मूठ धरून उभ्या होत्या. रोज लिफ्टच्या तारा, चाकं, कप्प्या तपासणारा माणूस तो. थरथरीशी त्याचा जन्माचा संबंध. हा एवढा जवळचा खांब मात्र त्याने कधी तपासला नव्हता.

बराच वेळ तो तसाच उभा राहिला.

"आई, इथे काहीतरी खरखरतंय," तो गिरणीच्या आवाजावरून ओरडून म्हणाला. "एका फेरीत एकदाच. असं, झर्र."

"वरचा दगड कलला आहे," मावशी ओरडल्या. "आता सांग." त्यांनी मूठ किंचित फिरवली.

"वाढलं."

दुसरीकडे फिरवली.

"आता गेलं. थांब. हां. आता एकसारखं."

मावशींनी डावा तळहात खांबावर ठेवला, त्याच्या खांद्याच्या खाली. एकसारखं म्हणजे तळहाताला हे असं लागतं तर. मग त्यांनी मूठ मुद्दाम बिघडवली, तो म्हणाला, खडबडीत. त्यांनी तळहाताला तेही दाखवून ठेवलं. असं कितीतरी वेळ चाललं. परकी भाषा बोलणाऱ्या माणसाचं बोलणं मधे बसून कोणीतरी उलगडून सांगावं तसं. वरून सून जेवायला हाका मारत होती, त्या दोघांनाही ऐकू गेल्या नाहीत. शेवटी नात खाली आली आणि म्हणाली, बाबा, तुमच्या केसांना काय झालं?

पुढच्या तपासणीला मावशी पाटी न लावता गेल्या. पोरगी तीच होती, आज झोप झालेली दिसत होती. चुगलखोराची टोपी नातीने परत मागून नेली होती, तेही मावशींनी आपण होऊन सांगितलं. पडद्यावर पठार नव्हतं. टेकड्या होत्या, बारीक, बसक्या, रोजच्या.

"छान," पोरगी म्हणाली. मग थांबली. "आणि हा एक दिवस? संध्याकाळी. हा सुळका कसला?"

मुलगा पुढे झाला. मावशींनी छताकडे बघितलं.

"डबीने पुन्हा चुकून पळवलं?" त्याने विचारलं.

पोरगीने रंग बघितले. "नाही. बरेचसे ठोके यांचे स्वतःचे आहेत. डबी नुसती सोबतीला होती." ती वळली. "मावशी?"

"नात सायकल शिकते आहे," मावशी म्हणाल्या. "मागून कोणीतरी धरायला लागतं."

"आई, तू सायकलच्या मागे पळलीस?"

"चौकापर्यंतच. पुढे तिने मला सोडलं."

मुलगा पोरगीकडे बघू लागला, आता ही काय सांगते म्हणून. पोरगी त्या सुळक्याकडे बघत होती. त्याची चढण बघितली, उतरण बघितली, आणि मग चकती उचलून जागेवर ठेवली.

"दमलात का?" तिने विचारलं.

"दमले की. बसले कट्ट्यावर. पाणी प्यायले."

"चक्कर?"

"नाही."

"मग पळा," पोरगी म्हणाली आणि पुढचं पान उघडलं.